उजवीकडे डोंगर, डावीकडे समुद्र: केप टाउनमधून आठवड्याची रोड ट्रिप

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात एक सोय आहे, जी जगात फार ठिकाणी मिळत नाही. कड्यांवरून जाणारा समुद्रकिनारा आणि साडेतीनशे वर्षे जुने द्राक्षमळे एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. त्यामुळे आठवड्यात दोन्ही नीट पाहून होतात. अट एकच, त्यात तिसरे काही कोंबायचे नाही.

हे तिसरे म्हणजे बहुतेक वेळा गार्डन रूट, म्हणजे पूर्वेकडचा प्रसिद्ध किनारी पट्टा. केप टाउनहून त्याच्या पलीकडच्या टोकाला, स्टॉर्म्स रिव्हरपर्यंत, एका बाजूने सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. सात दिवसांत मळेही, किनाराही आणि गार्डन रूटही असा कार्यक्रम कोणी हातात ठेवला, तर त्यातला निम्मा वेळ एन-२ महामार्गावर खिडकीबाहेर बघण्यात जाणार हे समजून घ्या. गार्डन रूटला स्वतंत्र आठवडा द्यावा. इथे सांगतो ती फेरी लहान आहे: केप द्वीपकल्प, मग स्टेलनबॉश आणि फ्रान्सहुक, मग हर्मानस, आणि किनाऱ्याने परत.

दिशा आधी ठरवा

दक्षिण आफ्रिकेत गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. म्हणून ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करायची. तसे केले की किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर समुद्र तुमच्या डाव्या हाताला राहतो. थांबून बघण्याच्या जागा समुद्राच्या बाजूला असतात, तिथे वळायला समोरून येणारी रांग ओलांडावी लागत नाही, आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्याला मध्ये काहीच आड येत नाही. उलट दिशेने गेलात तर तोच रस्ता, तेच पैसे, पण तुमच्या खिडकीत डोंगराची भिंत. टूर कंपनीचा कार्यक्रम हाती आला की नकाशावर बोटाने फेरी गिरवून बघा. दिशा उलटी असेल तर बदलून मागा. खाजगी गाडी असेल तर सहसा नाही म्हणत नाहीत.

कधी जावे

तिथले ऋतू आपल्या उलट आहेत, आणि पाऊसही केप टाउनला हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये पडतो. त्या काळात वेली उघड्या असतात. डिसेंबर-जानेवारीत ऊन लख्ख असते, पण स्थानिक शाळांच्या सुट्ट्या असतात, गर्दी होते, भाडी चढतात, आणि वर वारा.

या वाऱ्याबद्दल जरा थांबून सांगायला हवे. उन्हाळ्यात आग्नेयेकडून वाहणारा साउथ-ईस्टर इतका जोरात असतो की टेबल माउंटनची केबल कार बंद ठेवावी लागते. डोंगराच्या सपाट माथ्यावर पांढरा ढग पसरतो, त्याला तिथले लोक टेबलक्लॉथ म्हणतात. दिसायला सुंदर, पण वर गेलेल्याला धुक्याशिवाय काही दिसत नाही. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ मला सर्वांत बरा वाटतो: द्राक्षांची तोडणी नुकतीच झालेली किंवा चालू, वारा उतरणीला, हवा कोरडी. व्हेल बघायचेच असतील तर मात्र सप्टेंबर-ऑक्टोबर. दोन्ही एका फेरीत मिळत नाहीत, तेव्हा घरात आधीच निकाल लावून टाका.

कागदपत्रे

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अर्ज लवकर करा आणि पासपोर्टमध्ये किमान दोन कोरी पाने आहेत का बघा. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि मध्ये बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल, तर पीतज्वराच्या लसीचा दाखला मागितला जातो. स्वस्त तिकीट घेताना हा थांबा आधी मोजा. चार्जरचे सांगायचे तर तिथले जुने सॉकेट आपल्याकडे गीझर-एसीला असते त्या १५ अँपिअरच्या मोठ्या गोल पिनांचे आहे. घरात तसा प्लग लावलेला एक्स्टेंशन बोर्ड असेल तर तोच बॅगेत टाका, सगळ्यांचे फोन एकदम चार्ज होतात.

गाईड कसा निवडावा

स्वतः गाडी चालवणे तिथे अवघड नाही, रस्ते उत्तम आहेत. तरीही पहिल्या खेपेला ड्रायव्हर-गाईड घ्या असे मी सांगेन, आणि त्याचे मुख्य कारण वाईन आहे. दक्षिण आफ्रिकेत गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ०.०५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, व्यावसायिक ड्रायव्हरला ०.०२ ग्रॅम. दिवसभर टेस्टिंग करून स्टिअरिंगवर बसण्याचा प्रश्नच येत नाही. घरातल्या कुणाला तरी कोरडे ठेवून सगळ्यांनी चाखत बसणे हाही काही चांगला प्रवास नव्हे.

तिथे टुरिस्ट गाईडला कायद्याने नोंदणी करावी लागते आणि नोंदणीचा बिल्ला व ओळखपत्र बाळगावे लागते. प्रवासी वाहून नेणाऱ्या ड्रायव्हरला वेगळा परवाना लागतो. हे दोन्ही आहे का, असे थेट विचारा. चांगल्या गाईडला या प्रश्नाचा राग येत नाही.

त्यापुढचे प्रश्न पैशांचे आहेत आणि ते लेखी घ्यावेत. नॅशनल पार्कची फी, चॅपमन्स पीकचा टोल, टेस्टिंगची फी, गाईडचे रात्रीचे राहणे-जेवण, यातले काय दरात धरले आहे? दिवसाला किती तास? ठरलेल्या वेळेपलीकडे काय आकारणार? आणि सर्वांत महत्त्वाचे: वारा किंवा धुके आले तर दिवसांची अदलाबदल करता येईल का? ठरावीक तारखांच्या मोठ्या बसमध्ये ते जमत नाही. चार ते सहा जणांचा गट असेल तर खाजगी कोंबी घ्यावी (सात-आठ आसनी गाडीला तिथे कोंबी म्हणतात), माणशी खर्चात फार फरक पडत नाही आणि दिवस तुमच्या हातात राहतो.

मुक्काम असे वाटा: केप टाउनला दोन रात्री, स्टेलनबॉश किंवा फ्रान्सहुकपैकी एका ठिकाणी दोन, हर्मानसला दोन. रोज बॅग भरायला लागली की आठवडा संपल्यावर हॉटेलचे जिनेच आठवतात.

पहिला दिवस: उतरा आणि वर बघा

वेळेचा फरक साडेतीन तासांचाच आहे, त्यामुळे शरीर लगेच रुळते. विमानतळावरून शहर वीस किलोमीटरवर. टेबल माउंटन मोकळा दिसत असेल तर आंघोळ-झोप सगळे बाजूला ठेवून आधी वर जा. उद्याचा भरवसा नसतो. डोंगराची उंची १,०८६ मीटर, केबल कार १९२९ पासून चालते, आणि आताच्या डब्यांची जमीन वर जाताना गोल फिरते, त्यामुळे खिडकीसाठी भांडण होत नाही. वरती खालच्यापेक्षा बरीच थंडी असते, जॅकेट न्या.

अंधार पडल्यावर शहरात पायी भटकू नये, अॅपवरून गाडी बोलवावी. उभ्या गाडीत मागच्या सीटवर काहीही दिसेल असे ठेवू नये, साधे जॅकेटसुद्धा नको. एवढे पाळले की बाकी भीती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा दिवस: द्वीपकल्पाची प्रदक्षिणा

दीडशे किलोमीटरच्या आसपासची फेरी आहे, पण पूर्ण दिवस लागतो. सकाळी लवकर निघून आधी पूर्वेकडचा, फॉल्स बेच्या बाजूचा किनारा धरा. म्युझेनबर्गला रंगीत लाकडी खोल्या आहेत, तिथे फोटोपुरते थांबून पुढे सायमन्स टाउनच्या बोल्डर्स बीचवर जा. मोठ्या बसेस यायच्या आत पोचलात तर लाकडी पुलावरून पेंग्विन निवांत बघता येतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे मोजक्या जोड्यांनी घरटी केली आणि वस्ती वाढत गेली. एकूण प्रजातीचे मात्र तसे नाही: २०२४ मध्ये आफ्रिकन पेंग्विन अतिसंकटग्रस्त यादीत गेला. हात लावायला किंवा सेल्फीसाठी जवळ जायला जाऊ नका, चोच धारदार असते.

पुढे केप पॉइंट. वरचा जुना दीपस्तंभ इतका उंच बांधला गेला की धुक्यात झाकला जाई. १९११ मध्ये लुसितानिया नावाचे पोर्तुगीज जहाज इथे फुटले आणि मग खाली, पाण्याजवळ नवा दीपस्तंभ उभारला. जवळच केप ऑफ गुड होपची पाटी आहे, तिथे रांग लागते. बार्तोलोमेऊ दियाश १४८८ मध्ये आणि वास्को द गामा १४९७ मध्ये इथून वळसा घालून गेला, पुढच्या वर्षी तो कालिकतला पोचला. तेव्हा आपल्या इतिहासाशी या खडकाचा संबंध आहेच. मात्र हे आफ्रिकेचे दक्षिण टोक नव्हे. ते टोक, आणि हिंदी व अटलांटिक महासागरांची अधिकृत सीमा, आग्नेयेला अगुल्हासला आहे. दोन रंगांचे पाणी दाखवतो असे कोणी म्हणाले तर हसून ऐका.

इथे बबून माकडे असतात. गाडीच्या काचा वर ठेवा आणि हातात खाण्याची पिशवी घेऊन उतरू नका. त्यांना दारे उघडता येतात, दाराला कुलूप हवे.

परतीला चॅपमन्स पीक ड्राइव्ह. नूर्डहुकहून हौट बेकडे जाणारा हा नऊ किलोमीटरचा रस्ता, ११४ वळणे, १९२२ मध्ये पूर्ण झालेला, डोंगराच्या कड्यात कोरून काढलेला. संध्याकाळी सूर्य समोर समुद्रावर उतरत असतो. दरड कोसळण्याच्या भीतीने तो कधी कधी बंद ठेवतात, म्हणून सकाळीच गाईडला चौकशी करायला सांगा. बंद असेल तर फेरीच दुसऱ्या दिवशी करावी, इतका तो महत्त्वाचा आहे.

तिसरा आणि चौथा दिवस: मळे

केप टाउन सोडताना पहिला थांबा ग्रूट कॉन्स्टँशिया. हा मळा १६८५ चा. इथली गोड वाईन अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपच्या राजवाड्यांत जात असे, सेंट हेलेनावर कैदेत असलेला नेपोलियनही ती मागवायचा. पण इथल्या संग्रहालयात गुलामगिरीवरचा भागही बघा. पांढऱ्या भिंतींच्या, वेलबुट्टीच्या दर्शनी त्रिकोणांच्या या घरांमागे गुलामांचे श्रम आहेत, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांतले कितीतरी लोक बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरून आणले होते. जुन्या नोंदींत ‘व्हान बेंगालन’, ‘व्हान मलबार’ अशी त्यांची नावे सापडतात. केपमधली गुलामगिरी प्रत्यक्षात संपली ती १८३८ मध्ये. टूरवर हे कोणी आपणहून सांगेलच असे नाही, विचारावे लागते.

मग स्टेलनबॉश: १६७९ मध्ये वसलेले, ओकच्या रांगांचे विद्यापीठाचे गाव. देशातला पहिला वाइन रूट इथेच १९७१ मध्ये सुरू झाला. आता मळ्यांची संख्या इतकी आहे की निवड करताना गोंधळ उडतो. माझा हिशोब साधा आहे: दिवसाला तीनच मळे. एक मोठा आणि प्रसिद्ध, एक लहान कुटुंबाचा जिथे ओतणारा माणूस द्राक्षांबद्दल बोलू शकतो, आणि एक जिथे दुपारचे जेवण चांगले मिळते. चौथ्या मळ्यात जीभ काम करत नाही, फक्त पाय दमतात.

पहिल्यांदा टेस्टिंगला बसणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर. फी भरली की चार ते सहा वाइन एकामागून एक थोड्या थोड्या देतात. आधी पांढऱ्या, मग तांबड्या, शेवटी गोड. ग्लास दांड्याला धरा, नाहीतर हाताच्या उष्णतेने वाईन कोमट होते. हलकेच फिरवून आधी वास घ्या, मग घोट तोंडात सगळीकडे फिरवा. टेबलावरचे भांडे थुंकण्यासाठीच असते. आपल्याला ते असभ्य वाटते, तिथे तसे कोणी मानत नाही, उलट जाणकारच ते जास्त वापरतात. उरलेली वाईन त्यातच ओतून टाकली तरी चालते. रिकाम्या पोटी बसू नका आणि मध्ये मध्ये पाणी पीत राहा. चव ओळखता आली नाही तर ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ एवढे म्हणणे पुरते. जांभळाचा, चामड्याचा, धुराचा वास येतो असे शेजारचा म्हणाला तर आपल्यालाही आलाच पाहिजे असे नाही.

तीन गोष्टी मात्र चाखाव्यात. शेनिन ब्लांक, कारण देशात सर्वांत जास्त लागवड तिचीच आहे. पिनोटाज, कारण ते इथलेच वाण: अब्राहम पेरोल्ड या प्राध्यापकांनी १९२५ मध्ये स्टेलनबॉशला पिनो न्वार आणि सिन्सो यांचा संकर करून ते घडवले. काहींना ते फार आवडते, काहींना अजिबात नाही. आणि कॅप क्लासिक, बाटलीतच दुसरे किण्वन करून बनवलेली फेसाळती वाईन.

न पिणाऱ्यांनी हे दिवस टाळायचे कारण नाही. द्राक्षरस, चीज, चॉकलेट, बागा, डोंगर, सगळे आहे, आणि पुष्कळ मळ्यांत मुलांसाठी हिरवळ असते. शाकाहारी असाल तर जेवणाची जागा राखतानाच मांस, मासे, अंडी असे एकेक नाव घेऊन काय चालत नाही ते कळवा. आयत्या वेळी सांगितले तर भाजलेल्या भाज्या आणि बटाट्यावर बोळवण होते. बहुतेक टेस्टिंग संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात, म्हणून मळ्यांचा दिवस सकाळी दहालाच सुरू करा.

चौथ्या दिवशी फ्रान्सहुक. फ्रान्समधून छळामुळे पळालेले ह्यूगनॉट प्रॉटेस्टंट १६८८ मध्ये केपला आले, त्यांतले काही या खोऱ्यात वसले. इथे वाइन ट्राम आहे: रंगांच्या नावांच्या वेगवेगळ्या लाइन, हव्या त्या मळ्यावर उतरायचे, पुढच्या ट्रामने पुढे जायचे. आगाऊ आरक्षण करा. या दिवशी गाईडला सुट्टी देता येते किंवा दर कमी करून घेता येतो. पार्लच्या रस्त्यावर ड्राकन्स्टाइन तुरुंग लागतो, तेव्हाचा व्हिक्टर व्हर्स्टर. ११ फेब्रुवारी १९९० ला नेल्सन मंडेला याच फाटकातून पायी बाहेर आले. बाहेर त्यांचा पुतळा आहे, पाच मिनिटे थांबण्यासारखी जागा.

पाचवा आणि सहावा दिवस: हर्मानस

फ्रान्सहुकचा घाट चढून वर थांबा, सगळे खोरे मागे दिसते. पलीकडे थीवॉटर्सक्लूफ धरण लागते, केप टाउनच्या पाणीपुरवठ्यातले सर्वांत मोठे. २०१८ च्या दुष्काळात ते जवळजवळ तळाला गेले होते. हॉटेलात दोन मिनिटांत आंघोळ आटपा अशी पाटी दिसली तर त्यामागे ही आठवण आहे. पुढे हेमेल-एन-आर्दे खोऱ्यातून उतरताना शेवटचा एखादा मळा घ्या. समुद्राची गार हवा इथपर्यंत येते, म्हणून पिनो न्वार आणि शार्डोने इथले चांगले.

हर्मानसला व्हेल बघायला बोटीत बसावेच लागत नाही. सदर्न राइट जातीचे व्हेल पिलांसाठी खाडीत येतात, आणि गावाच्या कड्यावरच्या पायवाटेवरून ते उघड्या डोळ्यांनी दिसतात. दुर्बीण असेल तर फारच छान. बोट घेतली तर परवानाधारक घ्या, त्यांना व्हेलपासून ५० मीटरपर्यंतच जाता येते. खडकांत डासी नावाचे सशाएवढे केसाळ प्राणी दिसतील, त्यांच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकांत हत्ती आहे यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

जवळच्या गान्सबाईत पिंजऱ्यात बसून पाण्याखाली शार्क बघण्याची जाहिरात असते. २०१७ पासून ऑर्कांनी (किलर व्हेल) तिथे मोठे पांढरे शार्क मारायला सुरुवात केली आणि उरलेल्यांनी ती जागा बरीचशी सोडली. आता बहुधा दुसऱ्या जातीचे शार्क दिसतात. पांढरा शार्क नक्की दाखवतो म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

सहाव्या दिवशी अगुल्हासला जावे का? जाऊन-येऊन साडेतीन-चार तास प्रवास, आणि तिथे एक दगडी खूण व १८४९ चा दीपस्तंभ. खंडाच्या टोकावर उभे राहण्याची हौस असेल तर जा. व्हेलचा हंगाम असेल तर हर्मानसमध्येच बसून राहा.

सातवा दिवस: क्लॅरेन्स ड्राइव्हने परत

घाईने एन-२ महामार्ग घेऊ नका. बेटीज बेवरून आर-४४ घ्या. स्टोनी पॉइंटला पेंग्विनची दुसरी वस्ती आहे, बोल्डर्सपेक्षा गर्दी कमी. रोई-एल्सपासून गॉर्डन्स बेपर्यंतचा तुकडा म्हणजे क्लॅरेन्स ड्राइव्ह. चॅपमन्स पीकच्या तोडीचा, आणि टोल नाही. फॉल्स बेच्या पलीकडे दुसऱ्या दिवशी फिरलात तो सगळा डोंगर आडवा दिसतो. विमान रात्रीचेच घ्या.

पेट्रोल भरणाऱ्याला आणि पार्किंग राखणाऱ्याला पाच-दहा रँड, हॉटेलात जेवणाच्या बिलाच्या दहा ते पंधरा टक्के टिप देण्याची रीत आहे. गाईडची टिप शेवटच्या दिवशी, रोखीत, वेगळ्या पाकिटात.

बाटल्या हँडबॅगेत चालणार नाहीत, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत भरा. भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीला शुल्क. आणि २५० रँडहून जास्त खरेदीवरचा १५ टक्के व्हॅट परदेशी प्रवाशाला परत मिळतो, मळ्यावर टॅक्स इन्व्हॉइस मागून घेतले असेल तर. विमानतळावर बॅग चेक-इनला देण्याआधी व्हॅट परताव्याच्या खिडकीवर जा, कारण अधिकारी बाटल्या प्रत्यक्ष बघायला मागतात.